शंका-समाधान : एसक्यूलाइट प्रोग्रामच्या पोटात घ्यावं की बाहेर ठेवावं?

प्रश्न : मी मिरज तालुक्यात दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. प्रत्येक केंद्रावर एक छोटा एआरएम बोर्ड आहे, त्यावर डेबियन ११ हे लिनक्स. काटा आणि फॅट-एसएनएफचं मशीन सिरियल पोर्टने जोडलेलं. मुख्य प्रोग्राम सी++ मध्ये आहे आणि तो एसक्यूलाइटची, म्हणजे सगळा डेटाबेस एका फाइलीत ठेवणाऱ्या लायब्ररीची, सी फंक्शन्स थेट वापरतो. रिपोर्टचे स्क्रीन क्यूटी या स्क्रीन बनवायच्या लायब्ररीत आहेत, तिथे क्यूटीचंच एसक्यूएल मॉड्यूल वापरलंय. शिवाय रात्री एक पायथन स्क्रिप्ट त्याच डेटाबेस फाइलमधून दिवसाचं दूध मुख्य कार्यालयाला पाठवते. माझ्या लॅपटॉपवर, म्हणजे उबुंटू २२.०४ वर, सगळं नीट चालतं. नवीन व्हर्जन पहिल्या केंद्रावर टाकलं आणि सकाळच्या पहिल्याच किटलीला ‘नियर रिटर्निंग, सिंटॅक्स एरर’ आला. एक मित्र म्हणतो, कंपायलरला ‘-स्टॅटिक’ दे, विषय संपला. दुसरा म्हणतो, स्टॅटिक केलंस तर सिक्युरिटीचे अपडेट कायमचे बंद. अजून ३६ केंद्रांवर टाकायचं आहे. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी ती एरर. इन्सर्ट केल्याबरोबर नवीन ओळीचा नंबर परत देणारं ‘रिटर्निंग’ एसक्यूलाइटमध्ये ३.३५.० पासून, म्हणजे मार्च २०२१ मध्ये आलं. उबुंटू २२.०४ मध्ये ३.३७.२ आहे, म्हणून लॅपटॉपने ते मुकाट्याने चालवलं. डेबियन ११ ऑगस्ट २०२१ मध्ये बाहेर आलं, रिटर्निंगनंतर पाच महिन्यांनी, तरी त्यात ३.३४.१ आहे. डेबियनवाले रिलीजच्या कितीतरी महिने आधी पॅकेजची व्हर्जन गोठवतात, आणि रिटर्निंगची गाडी तिथे थोडक्यात चुकली. कंपायलरने तुम्हाला आधी का सांगितलं नाही? कारण एसक्यूएलचं वाक्य त्याच्या लेखी अवतरणचिन्हांतली नुसती अक्षरं असतात. ते वाक्य वाचते लायब्ररी, तेही प्रोग्राम चालू झाल्यावर. डायनॅमिक लिंकिंग केलं, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या बाहेर ठेवली, की ही वाचणारी लायब्ररी त्या त्या मशीनवरची असते. तुम्ही तपासलं एकीवर, उत्पादकाचं दूध मोजलं दुसरीने.

यात अनेक जण सापडले आहेत. २०१९ मध्ये जांगोचं, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कचं, २.२ आलं, त्याला एसक्यूलाइट निदान ३.८.३ लागत होतं. सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या लिनक्सवर ३.७.१७ होतं. पायथनचा कोड बरोबर, जांगो बरोबर, आणि सर्व्हर सुरूच होत नाही, अशी अवस्था त्या वर्षी किती टीमची झाली!

आता तुमचा निर्णय. केंद्रावरचा बोर्ड तुमचा आहे. त्यावर काय चालायचं ते तुम्ही ठरवता आणि बंद पडला की फोनही तुम्हालाच येतो. अशा ठिकाणी एसक्यूलाइट प्रोग्रामच्या पोटात घ्यावं, म्हणजे स्टॅटिक लिंक करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ही लायब्ररी घडलीच त्या पद्धतीने आहे. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली लिहायला घेतली, तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करत होते. वेगळा डेटाबेस सर्व्हर चालू असला तरच आपला प्रोग्राम चालणार, हे त्यांना नको होतं. आजही एसक्यूलाइटचे निर्माते शंभराहून जास्त सोर्स फाइली एकत्र करून एकच सी फाइल देतात. दोन लाखांहून जास्त ओळींची ती फाइल आणि सोबत एक हेडर, एवढंच तुमच्या प्रोजेक्टमध्ये ठेवायचं आणि बाकीच्या कोडबरोबर कंपाइल करायचं. सगळा कोड कंपायलरला एकदम दिसत असल्यामुळे ५ ते १० टक्के वेगही वाढतो, असं ते सांगतात. बायनरी साधारण एक एमबीने फुगेल. डायनॅमिकने रॅम वाचते हा मुद्दा तुमच्या बोर्डावर सोडून द्या.

तुमच्या पहिल्या मित्राचा सल्ला मात्र जसाच्या तसा घेऊ नका. एसक्यूलाइट स्टॅटिक करणं वेगळं आणि कंपायलरला ‘-स्टॅटिक’ देणं वेगळं. तो फ्लॅग दिला की अख्खा प्रोग्राम, ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीसकट, एका गोळ्यात बांधला जातो. मग नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं, चालताना प्लगइन लोड करणं, या गोष्टी अडखळायला लागतात. तुमचं क्यूटी तर प्लगइनवरच उभं आहे. एसक्यूलाइटची सी फाइल तुमच्या फाइलींच्या यादीत टाकलीत की ते आपोआप स्टॅटिक झालंच. ग्लिबसी आणि क्यूटी आहेत तशीच डायनॅमिक राहू द्या. आणि बिल्ड डेबियन ११ मध्येच करा, कंटेनरमध्ये केलंत तरी चालेल. लॅपटॉपवरच्या उबुंटूत ग्लिबसी २.३५ आहे, बोर्डावर २.३१. तिथे बांधलेला प्रोग्राम इथे ‘ग्लिबसी २.३४ सापडत नाही’ म्हणून सुरूच होणार नाही.

दुसऱ्या मित्राचं म्हणणं खरं आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. डेबियनची लायब्ररी वापरता तेव्हा त्यांची सुरक्षा टीम तुमच्यासाठी फुकट राबत असते. (डेबियन ११ साठी नेहमीच्या सुरक्षा टीमचं काम ऑगस्ट २०२४ मध्ये संपलं, पुढे ते जुनी रिलीज सांभाळणाऱ्या एलटीएस टीमकडे गेलं.) व्हर्जन ३.३४.१ च दिसतं, पण गंभीर दोषांच्या दुरुस्त्या मागून त्यात आणून बसवलेल्या असतात. एक अपडेट चालवला की मशीनवरचे सगळे प्रोग्राम एकदम दुरुस्त. स्टॅटिक केलंत की त्या दिवसापासून हे काम तुमचं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ‘मॅगेलन’ नावाने एसक्यूलाइटच्या मजकूर-शोधाच्या भागातले दोष जाहीर झाले. क्रोमच्या पोटात एसक्यूलाइट असल्यामुळे गूगलला क्रोमचंच नवीन व्हर्जन द्यावं लागलं. सिस्टिमची लायब्ररी दुरुस्त करून क्रोमचं काही भागलं नसतं. गूगलकडे ते पोचवायची यंत्रणा आहे. तुमच्याकडे ३७ केंद्रांवर नवी बायनरी पोचवायची यंत्रणा आहे का? मोटारसायकलवर पेन ड्राइव्ह घेऊन फिरावं लागत असेल, तर स्टॅटिक करण्याआधी ती उभी करा.

धोका किती, हेही मापात सांगते. एसक्यूलाइटच्या बहुतेक दोषांचा फायदा घ्यायला हल्लेखोराला स्वतःचं एसक्यूएल चालवता यावं लागतं किंवा मुद्दाम बिघडवलेली डेटाबेस फाइल तुमच्या प्रोग्रामला उघडायला द्यावी लागते. ब्राउझर अनोळखी वेबसाइटचा कोड चालवतो, तुमच्या बोर्डावर एसक्यूएल फक्त तुमचं. तेव्हा घाबरून निर्णय घेऊ नका, पण वही ठेवा. मी अजूनही ठेवते : कोणत्या मशीनवर एसक्यूलाइटचं कोणतं व्हर्जन, कोणत्या तारखेला टाकलं. महिन्यातून एकदा नव्या रिलीजची टिपणं वाचायची आणि आपल्याला लागू पडणारं काही आहे का ते वहीत लिहायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने माझी झोप उडवली, तिच्याकडे येते. मुख्य प्रोग्राम एसक्यूलाइट थेट वापरतो आणि रिपोर्ट क्यूटीच्या एसक्यूएल मॉड्यूलमधून, पण प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, एकच. डेबियनच्या क्यूटीचा एसक्यूलाइट प्लगइन सिस्टिमची लायब्ररी वापरतो. म्हणजे आज डायनॅमिक असताना दोघं एकच लायब्ररी वापरताहेत. उद्या तुम्ही मुख्य प्रोग्रामपुरतं स्टॅटिक केलंत, की एका प्रोसेसमध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती होतील, आणि दोघी एकच फाइल उघडतील.

याची किंमत मी मोजलेली आहे. २०११ च्या गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम माझ्याकडे होता, लिनक्सवर. एसक्यूलाइट मी स्टॅटिक घेतलं होतं. पाळीचा रिपोर्ट काढणारी लायब्ररी दुसऱ्या एका कंपनीकडून आली होती. तिच्या पोटात तिचं स्वतःचं एसक्यूलाइट होतं आणि ते आम्ही कोणी तपासलं नव्हतं. शिवाय वजनं ऑफिसला पाठवणारा एक तिसरा प्रोग्राम. पहिला दीड महिना काही झालं नाही. मग एका पहाटे चारला, पाळी बदलताना, काट्यावरच्या स्क्रीनवर ओळ आली : ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मॅलफॉर्म्ड’. बाहेर ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. भरलेली वजनं झालेली, रिकामी व्हायची होती, आणि कोणत्या गाडीचं भरलेलं वजन किती, ते मशीनला सांगता येत नव्हतं. काटा क्लार्कने कार्बन पावत्यांचे गठ्ठे काढले, मी आणि तो समोरासमोर बसलो, तो आकडे वाचत गेला आणि मी भरत गेले. शेतकरी खिडकीशी उभे राहून बघत होते. एकाने फक्त एवढंच विचारलं, ‘बाई, आमचं टनेज गेलं का?’ त्याचं टनेज गेलं नाही, पावती होती म्हणून. पण त्या प्रश्नानंतर डेटाबेसच्या फाइलीकडे मी नुसती फाइल म्हणून पाहू शकले नाही.

झालं होतं ते असं. एका वेळी एकानेच लिहावं म्हणून लिनक्सवर एसक्यूलाइट ज्या पद्धतीने फाइलला लॉक लावतं, ते लॉक प्रोसेसच्या नावावर असतं. त्यात दोन खोड्या आहेत. प्रोसेसला स्वतःचंच लॉक आड येत नाही, त्यामुळे एका प्रतीने लावलेलं लॉक त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या प्रतीला दिसतच नाही. दुसरी खोडी जास्त वाईट : त्या प्रोसेसने ती फाइल कुठल्याही वाटेने उघडून बंद केली, की त्या फाइलवरची तिची सगळी लॉक एकदम सुटतात, दुसऱ्या वाटेने लावलेलीसुद्धा. एसक्यूलाइटला हे चांगलं माहीत आहे. म्हणून ते प्रोसेसमध्ये कोणती फाइल किती वेळा उघडली आहे याची एक यादी ठेवतं आणि लॉक शिल्लक असेपर्यंत फाइल खरोखर बंद करतच नाही. पण ही यादी लायब्ररीच्या एका प्रतीत असते. दोन प्रती म्हणजे दोन याद्या, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. माझ्याकडे मुख्य प्रोग्राम वजन लिहीत असताना रिपोर्टवालीने फाइल वाचली आणि बंद केली. मुख्य प्रोग्रामचं लॉक त्याच्या नकळत गळून पडलं. ऑफिसला पाठवणाऱ्या प्रोग्रामला फाइल मोकळी दिसली, त्याने आपली ‘पाठवलं’ची खूण लिहिली. दोघांनी एकाच वेळी लिहिलं. रिपोर्ट पाळी बदलतानाच निघायचा, म्हणून बिघाडही पाळी बदलतानाच. हा धागा सापडायला आम्हाला नऊ दिवस लागले.

तुमची मांडणी बघा : मुख्य प्रोग्राम, रिपोर्ट, रात्रीची स्क्रिप्ट. तीच तीन पात्रं आहेत. म्हणून स्टॅटिक कराच, पण त्याआधी क्यूटीचं एसक्यूएल मॉड्यूल काढून टाका. रिपोर्टच्या क्वेऱ्या फार नसाव्यात. उत्पादकवार दूध, पाळीची बेरीज, दहा दिवसांचा पगार, एवढंच ना? त्या तुमच्याच सी++ कोडमधून चालवा आणि क्यूटीला फक्त तक्ता दाखवायचं काम द्या. आठवडा जाईल. तो आठवडा द्या.

तेवढी सवड खरंच नसेल, तर एक मधली वाट आहे. एसक्यूलाइटचं नवीन व्हर्जन स्वतः कंपाइल करून त्याची एसओ फाइल (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी लायब्ररी) करा, सिस्टिमच्या लायब्ररीचं जे अंतर्गत नाव आहे तेच तिला द्या, ती तुमच्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आधी तिथे शोध असं बायनरीत आरपाथ लिहून सांगा. लिंकिंग डायनॅमिकच, पण लायब्ररी तुमची. क्यूटीचा प्लगइन नंतर लोड होतो तेव्हा त्या नावाची लायब्ररी प्रोसेसमध्ये आधीच आहे हे लोडरला दिसतं आणि तो तीच जोडून देतो. प्रत एकच राहते. यात डेबियनने आपली लायब्ररी कोणते पर्याय लावून कंपाइल केली आहे ते ‘प्राग्मा कंपाइल_ऑप्शन्स’ चालवून बघा आणि तुमच्या बिल्डमध्ये निदान तेवढे ठेवा. नाहीतर प्लगइनला हवं असलेलं एखादं फंक्शनच तुमच्या लायब्ररीत नसेल.

कुठलीही वाट घ्या, खात्री अंदाजाने करू नका. चालू प्रोसेसची ‘मॅप्स’ फाइल प्रॉक फोल्डरमध्ये उघडा आणि त्यात एसक्यूलाइटची एसओ शोधा. स्टॅटिक केलं असेल तर ती एकदाही दिसता कामा नये. रिपोर्टचा स्क्रीन उघडून झाल्यावर बघा, कारण प्लगइन तेव्हाच लोड होतो. मधली वाट घेतली असेल तर एकच पत्ता दिसावा, तुमच्या फोल्डरचा. आणि प्रोग्राम सुरू होताना हेडरमधला व्हर्जन नंबर आणि चालू लायब्ररीने सांगितलेला नंबर जुळतो का ते तपासा. जुळत नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबू द्या. सकाळी सहाला किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी राहण्याआधी कळलेलं बरं.

पायथन स्क्रिप्टची काळजी नको. ती वेगळी प्रोसेस आहे, तिची लॉक वेगळी, आणि ती सिस्टिमचं ३.३४.१ वापरत राहिली तरी फाइल तीच वाचेल. २००४ च्या ३.०.० पासून फाइलचा साचा सांभाळून ठेवलेला आहे. पथ्य एकच. तुमच्या नव्या व्हर्जनच्या भरवशावर एखादं टेबल ‘स्ट्रिक्ट’ करू नका. ती सोय ३.३७ ची. टेबलाच्या व्याख्येत तो शब्द एकदा लिहिला गेला की जुनं एसक्यूलाइट त्या फाइलला सदोष ठरवून परत करतं, आणि मुख्य कार्यालय विचारत बसेल की आज दूध का नाही आलं. रिटर्निंगचं तसं नाही, ते फाइलमध्ये साठत नाही.

प्रश्न : आमच्या औषध दुकानाच्या बिलिंग प्रोग्राममध्ये, लिनक्सवर, एसक्यूलाइट स्टॅटिक आहे आणि प्रत एकच आहे. दर तासाला प्रोग्रामच डेटाबेसची फाइल उघडून बाइट-बाइट कॉपी करून बॅकअप घेतो. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, आणि आजच बंद करा. वर सांगितलेली दुसरी खोडी इथेही लागू आहे. तुमच्या कॉपी करणाऱ्या कोडने ती फाइल बंद केली, त्या क्षणी त्याच प्रोसेसमधल्या एसक्यूलाइटची लॉक सुटली. त्यासाठी लायब्ररीची दुसरी प्रत लागत नाही, फाइल उघडून बंद करणाऱ्या तुमच्या दोन ओळी पुरतात. शिवाय कॉपी चालू असताना बिल झालं, तर बॅकअपमध्ये अर्धी फाइल बिलाआधीची आणि अर्धी नंतरची येईल. ‘वॉल’ मोड चालू असेल तर ताजी बिलं मुख्य फाइलमध्ये नसून शेजारच्या वॉल फाइलमध्ये असू शकतात, ती तर येणारच नाहीत.

एसक्यूलाइटमध्ये यासाठी बॅकअपची स्वतःची फंक्शन्स आहेत, चालू डेटाबेसची नीट प्रत ती काढून देतात. ३.२७ पासून ‘व्हॅक्यूम इन्टू’ हे एका ओळीचं वाक्यही आहे, तुमच्या दुकानाला ते पुरेल. त्या बॅकअपवर ‘इंटिग्रिटी_चेक’ चालवा आणि ‘ओके’ आलं तरच आदल्या तासाचा बॅकअप पुसा.

प्रश्न : एसक्यूलाइट स्टॅटिक लिंक केलं तर आमच्या प्रोग्रामचा सोर्स द्यावा लागतो का? आमच्या ग्राहकाचे वकील विचारत आहेत.
— एक वाचक, पणजी

उत्तर : एसक्यूलाइटसाठी नाही. तो कोड सार्वजनिक अधिकारात सोडून दिलेला आहे. स्टॅटिक असो की डायनॅमिक, कसलीच अट नाही. वकिलांची शंका मात्र रास्त आहे, कारण दुसऱ्या लायब्रऱ्यांच्या बाबतीत फरक पडतो. एलजीपीएल हे लायसन्स असलेली लायब्ररी स्टॅटिक घेतली, तर ग्राहकाला ती बदलून प्रोग्राम पुन्हा जोडता येईल अशी सोय द्यावी लागते. क्यूटीची मोफत आवृत्ती वापरणारे म्हणूनच ती सहसा डायनॅमिक ठेवतात. बर्कली डीबी ही डेटाबेस लायब्ररी वापरत असाल तर व्हर्जन आधी बघा : २०१३ मध्ये ६.० पासून ओरॅकलने तिचं लायसन्स एजीपीएल, म्हणजे सोर्स खुला करायला लावणारं, केलं, आणि तिथे स्टॅटिक की डायनॅमिक या वादाने तुमची सुटका होणार नाही. प्रोग्राममध्ये जोडलेल्या प्रत्येक लायब्ररीचं नाव, व्हर्जन आणि लायसन्स एका कागदावर लिहून वकिलांना द्या, ते तेवढंच मागत असतील.